मागणी वेगळी, अर्ज वेगळा

गोदावरीकाठचे पुणतांबा हे गाव योगी चांगदेवांच्या समाधीमुळे पूर्वापार परिचित आहे. २०१७ मध्ये ते राज्यभर गाजले ते ग्रामसभेच्या ठरावामुळे. त्या ठरावातूनच १ जून २०१७ रोजी शेतकरी संपास प्रारंभ झाला. शासनाकडे केलेली मागणी हक्काच्या आधारे उभी राहते; धर्मादाय प्रतिष्ठानाकडे केलेला अर्ज मात्र हिशेबाच्या आधारे उभा राहतो. हा भेद ध्यानी न घेतल्यास, गरज खरी असूनही ग्रामीण संस्थेचा अर्ज मागे पडतो.

प्रतिष्ठानाचा निधी ठरावीक उद्देशासाठी राखून ठेवलेला असतो. सर दोराबजी टाटा यांच्या १९३२ मधील विश्वस्त निधीच्या साहाय्याने मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था व १९४१ साली कर्करोग रुग्णालय उभे राहिले. उद्देशाबाहेर खर्च करण्याची मुभा विश्वस्तांना नसते. म्हणून अर्जदाराने प्रथम प्रतिष्ठानाची उद्दिष्टे आणि आपल्या संस्थेची घटना ताडून पाहावी.

समजा, गावातील एखाद्या वाचनालयास अभ्यासिका उभारावयाची आहे. अशा संस्थेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली झालेली असावी. खरी अडचण पुष्कळदा येथेच उद्भवते. कार्यकारिणी बदलते, परंतु धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच नावे राहतात. त्यांपैकी काही विश्वस्त हयातही नसतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अहवाल सादर करावयाचा असतो. तो राहून गेल्यास अर्जावर सही करण्याचा अधिकार कोणाचा, हाच प्रश्न उपस्थित होतो. याशिवाय लेखापरीक्षित हिशेब, आयकर विभागाकडील नोंदणी, कार्यकारिणीचा ठराव व जागेच्या मालकीचा पुरावा जवळ असावा.

अर्जाची भाषा साधी असावी. ‘विद्यार्थ्यांची फार गैरसोय होते’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. रोज किती विद्यार्थी येतात, किती जणांना जागेअभावी परतावे लागते, बाके, दिवे व पुस्तके यांवर किती खर्च येईल, हे दरपत्रकांसह मांडावे. संस्था स्वतः किती भार उचलणार, हेही नमूद करावे. अनुदान संपल्यावर वीजबिल कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर अर्जातच असणे हिताचे ठरते.

अनुदान मंजूर झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. रकमेचा हिशेब वेगळा ठेवावा, पावत्या जपाव्यात आणि उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत पाठवावे. पहिल्या अनुदानाचा चोख हिशेब हीच दुसऱ्या अर्जाची सर्वांत भक्कम शिफारस होय. ज्या गावाला ठराव लिहिता येतो, त्याला जमाखर्चाची वही लिहिणे अवघड नाही. मात्र ती अर्जाच्या आदल्या दिवशी नव्हे, संस्थेच्या पहिल्या दिवसापासून लिहावयास हवी.