सहा भागांचा खून, वर्षाची वर्गणी

गेल्या दिवाळीत मी एका ॲपची वर्षाची वर्गणी एकरकमी भरली. कारण एकच मालिका. लेस्टरला राहणाऱ्या मावशीनं सुचवलेली, इंग्लंडातल्या एका गावातल्या खुनाची. पहिला सीझन नऊ दिवसांत संपवला. दुसऱ्याचे तीन भाग झाले, खुनी कोण ते कळायला तीन उरले. दोन दिवस लग्नाला गेलो, परत येऊन ॲप उघडलं तर मालिकेच्या चित्रावर राखाडी पट्टी: सध्या उपलब्ध नाही. ग्राहक सेवेनं नम्रपणे सांगितलं की प्रसारणाचे हक्क संपले. माझे पैसे अडकलेले, वर्गणीचे अकरा महिने शिल्लक आणि खुनी मोकाट.

त्या धड्यातून हा लेख आला. भारतात बसून ब्रिटिश गुप्तहेर मालिका बघायच्या तर खर्च किती, कुठे वाचतो आणि कुठे गुपचूप वाढतो, याचा हा हिशेब. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा मात्र एकदा ताडून पाहा, दर बदलत असतात.

आधी भाग मोजा

आपल्याकडची मालिका सुरू होते तेव्हा ती कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ब्रिटिश मालिकेचं उलट आहे. ‘हॅपी व्हॅली’चे तीन सीझन, प्रत्येकी सहा भाग, संपली. ‘ब्रॉडचर्च’चे तीन, प्रत्येकी आठ. बेनेडिक्ट कंबरबॅचचा ‘शेरलॉक’ २०१० ते २०१७ अशी सात वर्षं चालला, पण भाग सगळे मिळून तेराच. रोज रात्री जेवणानंतर एक भाग पाहिला तरी यातली कोणतीही मालिका महिन्याच्या आत संपते. म्हणून पहिला नियम: छोट्या मालिकेसाठी वर्षाची वर्गणी घेऊ नका, महिन्याची घ्या.

अपवाद आहेत. ऑक्सफर्डच्या इन्स्पेक्टर मोर्सचे ३३ भाग, त्याच्या सहायकाची ‘लुईस’ ३३ आणि मोर्सच्या तरुणपणीची ‘एंडेव्हर’ ३६, असे १०२ चित्रपटच म्हणायचे, कारण एकेक भाग दीड तासाच्या घरातला. डेव्हिड सूशेचा ‘पॉयरो’ १९८९ ते २०१३ या काळात ७० भागांचा. ‘मिडसमर मर्डर्स’ १९९७पासून चालूच आहे. असला डोंगर चढायचा असेल तर तिमाही किंवा वार्षिक प्लॅन परवडतो. मात्र सगळे सीझन त्या ॲपवर आहेत ना, हे आधी बघा. ब्रिटनमध्ये सीझनला ‘सीरिज’ म्हणतात. ‘सीरिज ३’ म्हणजे तिसरा सीझन. शोधताना हे लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

घर मालकीचं की भाड्याचं?

यातल्या बहुतेक मालिका मूळच्या बीबीसीच्या नाहीतर आयटीव्हीच्या. परदेशातले हक्क देशागणिक आणि ठरावीक मुदतीसाठी विकले जातात. भारतातलं ॲप त्या मालिकेचं भाडेकरू असतं. करार संपला की सामान हलतं. याउलट ॲपनं स्वतः काढलेली मालिका म्हणजे त्याचं मालकीचं घर, ती सहसा कुठे जात नाही.

म्हणून यादी करताना दोन रकाने करा. भाड्याच्या मालिका आधी पाहून टाका, मालकीच्या सावकाश. कोणती मालिका आज भारतात कुठे आहे हे जस्टवॉचसारख्या संकेतस्थळावर फुकट कळतं. देश म्हणून भारत निवडायला विसरू नका. माझी चूक तीच होती: भाड्याच्या मालिकेसाठी वर्षाचं डिपॉझिट भरलं.

किती रुपयांत काय?

*९९ रुपये.* ॲपल टीव्हीचा महिना. लंडनच्या दोन तपास अधिकाऱ्यांच्या झुंजीची ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ पहिल्या सीझनमध्ये आठ भागांची. हेरकथा चालत असेल तर ‘स्लो हॉर्सेस’चे पाच सीझन, प्रत्येकी सहा भाग. दोन्ही मिळून ३८ भाग, म्हणजे भागाला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. या यादीतला सगळ्यात स्वस्त सौदा हाच.

*१४९ ते ६४९ रुपये.* नेटफ्लिक्सचा महिना. १४९चा प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर हे आधी वाचा. १९९च्या प्लॅनमध्ये एकच पडदा आणि ७२० पिक्सेलचं चित्र, ३२ इंची टीव्हीला ते पुरतं. ४९९ला दोन पडदे आणि फुल एचडी, ६४९ला चार पडदे आणि फोर-के. इथल्या मालकीच्या मालिकांचा एक महिन्याचा बेत असा: एडिनबरोत घडणारी ‘डिपार्टमेंट क्यू’ नऊ भाग, ‘बॉडीज’ आठ, चौकशीच्या खोलीतच घडणारी ‘क्रिमिनल: यूके’ सात, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेली ‘ॲडोलेसन्स’ चार आणि ॲगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवरची ‘सेव्हन डायल्स’ तीन. एकूण ३१ भाग. १९९ला ३१नं भागलं की भाग साडेसहा रुपयांना पडला. नाक्यावरचा कटिंग चहा याहून महाग आहे.

*२९९ ते १,४९९ रुपये.* ॲमेझॉन प्राइम. महिना २९९, तिमाही ५९९, वर्ष १,४९९. हिशेब सोपा आहे. दोन महिन्यांचे ५९८ होतात, म्हणजे तिमाहीत तिसरा महिना जवळजवळ फुकट. महिन्याच्या दरानं पाच महिन्यांचे १,४९५ होतात, म्हणजे वर्षात पाच महिन्यांहून अधिक वापर असेल तरच वार्षिक. घरपोच सामानासाठी प्राइम घरात आधीच असेल तर मालिकांचा खर्च शून्य धरा. पण जून २०२५पासून इथे जाहिराती आल्या आहेत. त्या नको असतील तर वर १२९ रुपये महिना किंवा ६९९ रुपये वर्ष. खुनी नाव उच्चारणार एवढ्यात डिटर्जंट बघायची तुमची किती तयारी आहे, त्यावर हे ठरवा.

प्राइमच्या आत जोडून घ्यायची वेगळी चॅनेल असतात. त्यात २०२४मध्ये बीबीसी प्लेअर आलं. ब्रिटिश मालिकांच्या चाहत्यानं आधी तिथे डोकवावं, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून: या चॅनेलचे पैसे प्राइमच्या वर्गणीव्यतिरिक्त असतात आणि त्याचं नूतनीकरण वेगळ्या तारखेला होतं. माणसं प्राइम बंद करतात आणि जोडचॅनेल विसरतात.

*शून्य रुपये.* यूट्यूबवर अख्खे भाग सापडतात, पण मोर्सची ती तांबडी जॅग्वार नीट पाहा. नंबरप्लेट उलटी आणि स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर समजा, चोरीचा माल पकडला जाऊ नये म्हणून कुणीतरी चित्र आरशात फिरवून टाकलंय. असे भाग आज असतात, उद्या नसतात. हक्कधारकाचं अधिकृत चॅनेल असेल तरच वेळ घालवा.

न दिसणारे खर्च

पहिला खर्च डेटा. नेटफ्लिक्सच्याच हिशेबानं साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. रोज दीड जीबीचा मोबाइल पॅक असेल तर एचडीत अर्ध्या भागावरच पॅक संपतो. फोनवरच बघणार असाल तर दर्जा खाली आणा. घरी वाय-फाय असेल तर भाग डाउनलोड करून प्रवासात पाहा.

दुसरा खर्च ऑटोपे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश यायला हवा. तो येतोही, पण वीजबिल, लॉटरी आणि कर्जाच्या संदेशांच्या ढिगात. सोपा उपाय: वर्गणी घेतल्या दिवशीच ती रद्द करा. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर पैसे भरलेला महिना पूर्ण बघता येतो, फक्त पुढचं नूतनीकरण थांबतं. मोफत चाचणीच्या काळात मात्र रद्द करताच दार बंद होऊ शकतं, तिथे फोनमध्ये आदल्या दिवसाची आठवण लावा.

रद्द करण्याचं बटणच सापडत नसेल, तर दोष तुमच्या चष्म्याचा नाही. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणं हा प्रकार केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या पद्धतींत मोडतो. स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तिसरा खर्च पासवर्डचा. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३पासून भारतात एक खातं एकाच घरापुरतं केलं. पुण्याचा भाऊ आणि नागपूरची बहीण यांनी ६४९ वाटून घ्यायचा बेत आता करू नये.

चौथा खर्च डीव्हीडीचा. इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून मोर्सचा संच मागवायचा मोह होतो. ब्रिटनची डीव्हीडी विभाग २ची, भारताचे प्लेअर विभाग ५चे. साध्या प्लेअरवर ती चालत नाही. सर्व विभाग चालवणारा प्लेअर असेल तरच मागवा. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा. नंतर तो कायमचा अडकतो.

व्हीपीएनचं काय?

व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटवर भासवणारी सोय. हा प्रश्न प्रत्येकजण आवाज बारीक करून विचारतो. बीबीसी आयप्लेअर आणि आयटीव्हीएक्स या सेवा ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठीच आहेत. आयटीव्हीएक्स जाहिरातींसह मोफत आहे. आयप्लेअरला मात्र टीव्ही लायसन्स लागतं. त्याची फी एप्रिल २०२५मध्ये वर्षाला १७४.५० पौंड होती, म्हणजे साधारण वीस हजार रुपये. भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही, पण त्यातून या सेवा उघडणं त्यांच्या अटींच्या विरुद्ध आहे. शिवाय व्हीपीएन ओळखून अडवलं जातं. अडलात तर व्हीपीएनचे पैसे गेले आणि दाद मागायला तोंडही नाही. माझ्या हिशेबात हा पर्याय धरलेला नाही.

परदेशी सेवेला इथलं कार्ड देताना आणखी एक भुर्दंड असतो: बँका चलनबदलाचे साधारण २ ते साडेतीन टक्के लावतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी.

मुलांकडे जाणार असाल तर

नातवंडासाठी चार-सहा महिने परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांना इथे सुवर्णसंधी आहे. भारतात न मिळणाऱ्या मालिकांची यादी करा आणि ती बरोबर न्या. ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स घराच्या पत्त्यावर असतं. मुलाकडे ते असेल तर पाहुण्यांना वेगळं लागत नाही. अमेरिकेत ब्रिटबॉक्स आणि एकॉर्न टीव्ही या खास ब्रिटिश मालिकांच्या सेवा आहेत. तिथलं सार्वजनिक दूरदर्शन पीबीएस तर १९८०पासून ब्रिटिश रहस्यमालिका दाखवतंय. स्थानिक केंद्राला महिना सुमारे पाच डॉलर देणगी दिली की त्यांचा पासपोर्ट नावाचा साठा खुला होतो.

शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं: थेट प्रसारण किंवा आयप्लेअर बघायचं नसेल तर लायसन्स लागत नाही. आयटीव्हीएक्सवरचे जुने भाग हवे तेव्हा बघायला ते नको. वसतिगृहाच्या खोलीत आयप्लेअर लावलं आणि लायसन्स नसलं, तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

सबटायटल्स लावा, लाज नको

पैसे वसूल व्हायचे तर संवाद कळायला हवेत. ‘व्हेरा’तली नॉर्थम्बरलँडची बोली किंवा ‘शेटलँड’मधली स्कॉटिश बोली इंग्लंडातल्या माणसालाही जड जाते. इंग्रजी सबटायटल्स लावाच, आणि वर्गणीआधी एखाद्या भागाच्या माहितीत ती आहेत का ते पाहा.

दोन-चार शब्द आधीच माहीत असले की गाडी सुरळीत चालते. डीआय म्हणजे इन्स्पेक्टर, डीसीआय म्हणजे त्याच्या वरचा चीफ इन्स्पेक्टर. बहुतेक नायक या दोन हुद्द्यांचे. ‘लाइन ऑफ ड्यूटी’त चौकशी सुरू होताना ध्वनिमुद्रक लांबलचक पींऽऽ करतो. तो संपेपर्यंत कुणी बोलत नाही, फक्त एकमेकांकडे बघत राहतात. तिथे उठून पाणी आणायला जाऊ नका. आणि अधिकारी सारखे घड्याळाकडे का बघतात? इंग्लंडात आरोप न ठेवता संशयिताला सर्वसाधारणपणे २४ तासच कोठडीत ठेवता येतं. वाढवून घ्यायला वरिष्ठांची आणि पुढे न्यायालयाची परवानगी लागते. निम्म्या मालिकांचा ताण या एका कायद्यावर चालतो.

पैसे भरण्यापूर्वी

१. मालिकेचे एकूण भाग मोजा आणि रोज किती बघणार त्यानं भागा.
२. ती ॲपच्या मालकीची आहे की भाड्याची ते पाहा.
३. सगळे सीझन आणि सबटायटल्स आहेत का तपासा.
४. एका वेळी एकच ॲप, एकच महिना. घेतल्या दिवशी रद्द.
५. मोबाइलच्या पॅकमध्ये प्लॅन फुकट मिळतोय का ते आधी बघा.

या पद्धतीनं ॲपल एक महिना, नेटफ्लिक्स दोन महिने आणि प्राइम एक तिमाही घेतली तर वर्षाचे ९९ अधिक ३९८ अधिक ५९९, म्हणजे १,०९६ रुपये होतात. सहा महिन्यांच्या संध्याकाळी त्यात भरतात. उरलेले सहा महिने इतर कामांना असू द्यावेत.

माझ्या अर्धवट राहिलेल्या मालिकेचं काय झालं, असं वाटलं असेल. ती अजून कुठेच परत आलेली नाही. खुनी कोण ते लेस्टरच्या मावशीनं व्हॉट्सॲपवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.