देशाने वर्गणी भरली, मग निबंध का उघडत नाही?

प्रश्न : सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकविषयी एक शोधनिबंध वाचायचा होता. संशोधन सरकारी अनुदानातून झालेलं, तरी संकेतस्थळ तीस-पस्तीस डॉलर मागतं. हे पैसे शास्त्रज्ञांना मिळतात का? आणि ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर हे सगळं मोफत झालं ना?
— एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आधी पैशांचं पाहू. त्या डॉलरांतला एक रुपयाही शास्त्रज्ञाला मिळत नाही. निबंध तपासून देणारे तज्ज्ञही सहसा विनामोबदलाच काम करतात. रक्कम प्रकाशकाकडे जाते, कारण वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकात निबंध छापताना लेखकाने बहुधा त्याचे हक्क प्रकाशकाला लिहून दिलेले असतात. लेखक ते देतो, कारण नोकरी, बढती आणि पुढचं अनुदान निबंध कुठे छापला यावर ठरतं.

ही पद्धत कागदाच्या काळातली आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ १६६५ मध्ये निघालं. तेव्हा प्रत्येक जादा प्रतीला कागद, छपाई आणि टपाल लागे. संगणकावर जादा प्रत जवळजवळ फुकट निघते. हे ओळखून भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये ‘अर्काइव्ह’ हा संग्रह सुरू केला. तिथे शास्त्रज्ञ स्वतः निबंध ठेवतात आणि कुणीही वाचतं. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या विचाराला ‘ओपन ॲक्सेस’ हे नाव रूढ करून दिलं.

संपादनाला खर्च येतोच. तो कुणी भरायचा, हा खरा वाद. काही नियतकालिकं आता वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेतात. ‘नेचर’ने २०२१ मध्ये ही सोय सुरू केली तेव्हा एका निबंधाला ९,५०० युरो ठेवले होते! आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकाने ते कुठून आणावेत? वाचकाची अडचण काढून लेखकाच्या गळ्यात घालणं मला मुळीच पटत नाही.

आता सरकारी योजना. केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि तीस प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांची वर्गणी एकत्र भरली. पण ही वर्गणीच आहे. एखाद्या संस्थेने आपल्या सभासदांसाठी वाचनालय लावावं, तसं. पहिल्या टप्प्यात सभासद कोण, तर केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था. तिथले विद्यार्थी आणि प्राध्यापक वाचू शकतात. तुम्ही कर भरलात, तरी त्या यादीत नाही. हजारो महाविद्यालयांची सोय झाली हे चांगलंच, पण निबंध सर्वांना खुला झालेला नाही.

मोफत म्हणजे सुमार, असाही एक समज आहे. तपासणी किती कसून झाली, याचा वाचकाने पैसे भरण्याशी संबंध नसतो. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापलेली भारतीय विज्ञान अकादमी आपली नियतकालिकं संकेतस्थळावर खुली ठेवत आली आहे. लेखकाकडून पैसे घेऊन न तपासता काहीही छापणारी दुकानंही आहेत, म्हणून प्रकाशक कोण ते जरूर पाहा.

तुमच्या कामाचं म्हणाल, तर भारतीय कृषी संशोधन परिषदेचं २०१३ पासून खुलं धोरण आहे. ‘कृषिकोश’ या तिच्या संग्रहात कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात, इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’वर. गूगल स्कॉलरवर निबंधाचं शीर्षक टाकून त्याच्या सगळ्या आवृत्त्या तपासा. अनेकदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत सापडते. नाहीच सापडली, तर निबंधावर लेखकाचा ईमेल असतो. त्यावर सरळ मागा. पुष्कळ शास्त्रज्ञ आनंदाने पाठवतात.

मिळालेला निबंध मराठी करून गटात वाटायचा विचार असेल, तर आधी परवाना वाचा. वाचायला मोफत असलेला प्रत्येक मजकूर पुन्हा प्रसिद्ध करता येत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या ज्या परवान्यात फक्त श्रेय देण्याची अट आहे, तो असेल तर मूळ लेखकाचं नाव घाला, भाषांतर केल्याचं नमूद करा आणि खुशाल वाटा.