पाळकाच्या घरीही लग्न असतं

पाळकाच्या आयुष्यात असा आठवडा कधी ना कधी येतोच: घरी लेकीचं लग्न किंवा नातवाचा बाप्तिस्मा, आणि त्याच दिवसांत मंडळीत लागोपाठ मयती. एवढ्या वर्षांच्या सेवेतून माझं ठाम मत झालं आहे, की अशा आठवड्यातलं दुःख कसं वाटून घ्यायचं हे मंडळीने आधीच ठरवलेलं असावं. आनंदाला तारीख असते. लग्नाची सूचना उपासनेत आधी वाचली जाते, मंडप ठरतो. मयतीला तारीख नसते. सकाळी फोन येतो आणि मुंबई-पुण्याची माणसं पोचली की माती द्यावी लागते. त्यामुळे दोन्ही समोरासमोर आले की मागे सरतं ते घरचं कार्य.

मयतीच्या दिवशीचं सगळंच काम काही पाळकाचं नसतं. कबर खणणाऱ्याला निरोप, पेटी, रजिस्टरमधली नोंद, घरातली प्रार्थना हे मंडळीचे पंचही सांभाळू शकतात. पाळकाचं खरं ओझं वेगळंच आहे. गेलेलं माणूस त्याचंही असतं. ज्या आजींना घरी जाऊन प्रभुभोजन दिलं, त्यांच्याच पेटीपाशी उभं राहून आवाज न हलू देता वाचायचं आणि तासाभरात घरच्या हळदीत मिसळायचं. त्याला रडायला जागाच उरत नाही. न रडलेलं दुःख मग चिडचिड होऊन बायकामुलांवर निघतं, आणि पुढच्या शोकाकुल घरात पाळक नुसता विधी उरकतो.

यावर कुणी म्हणेल, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा असं पौलानेच शिकवलं आहे. खरंच आहे, पण रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायातली ती शिकवण अख्ख्या मंडळीला आहे, एकट्या पाळकाला नाही. निर्गम 18मध्ये इथ्रोने मोशेला कामाची वाटणी करायला लावली. प्रेषितांची कृत्ये 6मध्ये विधवांच्या वाढणीसाठी सात जण निवडले गेले. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी कशी सांभाळणार, हा प्रश्नही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलाच. दुसरा आक्षेप असा, की लोकांना पाळकच हवा असतो. मातीच्या दिवशी हवा असतो हे मान्य. पण त्यानंतरच्या पहिल्या नाताळाला आणि वर्षाच्या दिवशी दारात कोण आलं, हे कुटुंब जास्त लक्षात ठेवतं, आणि तिथे शेजारची बहीणही पुरते. खेड्यातल्या लहान मंडळीत माणसं कुठून आणायची, ही अडचण मात्र खरी आहे. तिथे शेजारच्या गावच्या पाळकाशी आधीच बोलून ठेवावं. 1970 साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च उभं राहिलं. त्यातला शेजारचा पाळक आपल्या कबरस्तानात परका नाही.

म्हणून नव्या पाळकांना सांगणं एवढंच: वर्षाच्या सुरुवातीलाच घरच्या कार्यांच्या तारखा पंचांना कळवा. दोन-तीन वडीलधाऱ्यांना शोकाच्या घरी प्रार्थना चालवायला शिकवा. भेटींची पाळी लावा. स्वतःच्या दुःखासाठी एक जवळचा सहसेवक धरून ठेवा. आणि पंचांनो, पाळकाने हे मागायची वाट पाहू नका; पुढच्या बैठकीत तुम्हीच हा विषय काढा. जी मंडळी पाळकाला लेकीच्या लग्नात निवांत बसू देते, तीच आपल्या मृतांना मिळून निरोप द्यायला शिकते.