मान पडली, पाय शाबूत होते

लांब पल्ल्याची सायकल चालवणारी माणसं पायांबद्दल तासन्‌तास बोलतात. मांड्या, पोटऱ्या, गुडघे, कॅडेन्स. हात, खांदे आणि पाठीचा विषय निघाला की एकच उत्तर ऐकू येतं : "दंड कमवून काय करायचंय? घाटात तेवढंच वजन जास्त वर न्यायचं." नव्यानं ब्रेव्हे करू लागलेल्या मुलामुलींनाही हेच सांगितलं जातं, म्हणून माझा अनुभव लिहिते आहे.

ब्रेव्हे ही शर्यत नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. वाटेतल्या कंट्रोल पॉइंटवर कार्डावर नोंद करून घेत तेवढ्या वेळात अंतर पूर्ण करायचं. अशाच एका ६०० च्या ब्रेव्हेत आम्हाला पुण्याहून निपाणीच्या पुढे जाऊन परत यायचं होतं. जाताना काहीही त्रास नव्हता. परतीच्या वाटेवर रात्री उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. हात झटकला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. उजाडल्यावर कराड मागे पडलं आणि मान पडायला लागली. दुखणं एकवेळ सोसता येतं. इथे मान वर उचलायची म्हटली तरी उचलली जात नव्हती. हनुवटी छातीकडे, नजर पुढच्या चाकावर. उंब्रजच्या पुढे डावा तळहात हनुवटीखाली देऊन मी एका हातानं सायकल चालवत होते, हायवेवर, शेजारून ट्रक जात असताना. सोबतच्या रायडरनं जवळची ट्यूब हेल्मेटच्या मागच्या पट्ट्याला बांधली आणि दुसरं टोक पाठीवरच्या सॅकला ताणून बांधलं. त्यानं थोडा वेळ निभावलं. साताऱ्यात मी राइड सोडली. वेळ शिल्लक होता, पाय चालत होते. पुढे बरेच दिवस कुलपात किल्ली फिरवायला डावा हात लागायचा.

मान अशी पडण्याला सायकलिंगमध्ये 'शेर्मर्स नेक' म्हणतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये जोडीनं पूर्ण केलेली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' अनेकांना आठवत असेल. त्याच शर्यतीत १९८३ मध्ये मायकेल शेर्मर या अमेरिकन सायकलपटूची मान अशीच पडली, तेव्हापासून हे नाव चालत आलं. करंगळीच्या बधिरपणाचं कारण मनगटाशी असतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला अल्नर नावाची नस एका अरुंद जागेतून जाते. हँडलवर तासन्‌तास भार पडला की ती दाबली जाते.

मग हातांवर एवढा भार येतो कुठून? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकी सगळं यातच आहे. सायकलवर शरीराचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं : सीट, पेडल आणि हँडल. पाय ताजे असताना आपण पेडल जोरात दाबतो, त्या दाबावरच धड बरंचसं तोललं जातं आणि हात नुसते हँडलवर टेकलेले असतात. पाय थकले की पेडलवरचा दाब कमी होतो आणि ते वजन सीटवर आणि हातांवर उतरतं. पोट आणि पाठ आधीच दमलेली असतील तर धड खचतं, कोपरं ताठ होतात, खांदे कानांकडे चढतात. वाकलेलं कोपर रस्त्याचे धक्के पचवतं. ताठ कोपरातून प्रत्येक रंबलर आणि पुलावरचा प्रत्येक सांधा थेट मानेत जातो. त्यात धड खाली गेल्यामुळे रस्ता दिसायला मान आणखी मागे वळवावी लागते. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, वर हेल्मेट. एवढा भार रात्रभर मानेच्या मागच्या स्नायूंनी धरून ठेवायचा.

राइडनंतर मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं मला जमिनीवर पालथं झोपवलं, हात डोक्याच्या दिशेनं तिरके पसरायला लावले आणि म्हणाली, "ताई, आता हात चार बोटं वर उचला आणि तसेच धरून ठेवा." काही सेकंदांत माझे खांदे थरथरायला लागले. ज्या स्नायूंना दहा सेकंदही दम धरवत नव्हता, त्यांच्या जिवावर मी ४० तासांचं गणित मांडलं होतं.

वजनाच्या आक्षेपाचा हिशेबही करून बघा. सायकलसकट ८० किलो धरले आणि एक किलो वाढलं, तर तासाभराच्या चढाला पाऊण मिनिटाच्या आसपास जास्त लागेल. एक पंक्चर काढायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो. शिवाय इतकी सायकल चालवणाऱ्याचं अंग आठवड्यातल्या दोन दिवसांच्या व्यायामानं सहसा फुगत नाही. टूर द फ्रान्समधल्या चढवीरांचे हात काडीसारखे असतात हे खरं, पण बारीक म्हणजे अशक्त नव्हे. आणि त्यांची रोजची शर्यत बहुधा चार-सहा तासांत संपते, मग मसाज आणि झोप असते. आपण रात्रभर खड्ड्यांतून जातो. एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, खांदे मजबूत केल्यानं सपाट रस्त्यावर माझा वेग वाढलेला नाही. फायदा राइडच्या उत्तरार्धात दिसतो, आणि उभं राहून चढ चढताना, जेव्हा हात हँडल खेचून धरतात.

काय करायचं? जोर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, पण सुरुवात टेबलाला किंवा ओट्याला हात टेकवून करा. मनगट दुखत असेल तर मुठीवर करा. सूर्यनमस्कार चांगलेच, मात्र त्यांत ढकलणं आहे, ओढणं नाही. सायकलस्वाराला ओढण्याचा व्यायाम हमखास लागतो : वाकून डंबेल किंवा पुस्तकांनी भरलेली सॅक पोटाकडे ओढायची. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीतल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. मग प्लँक, शलभासन, आणि फिजिओनं मला करायला लावलं ते पालथं पडून हात उचलणं. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, हा मानेचा व्यायाम तर ऑफिसच्या खुर्चीतही होतो. दोन भरलेल्या बादल्या घेऊन ताठ चालणं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. पकड, खांदे, कंबर, सगळं त्यात येतं. पावसाळ्यात राइड कमी होतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा करा. हंगामात आठवड्यातून एकदा पुरे, आणि ब्रेव्हेच्या आधीचा आठवडा जड काही उचलू नका. दोनेक महिने जातील तेव्हा फरक जाणवेल. माझ्या वयाच्या बायकांना आणखी एक कारण आहे. सायकलिंगमध्ये हाडांवर आदळ नसते, नुसती सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडं विरळ राहू शकतात, आणि पाळी गेल्यावर तर हाडांची झीज वाढतेच. वजन उचलायला हवं ते त्यासाठीही.

मात्र सायकल मापाची नसेल तर कितीही जोर काढा, त्रास थांबणार नाही. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर शरीर घसरून हातांवर येतं. स्टेम, म्हणजे हँडल धरणारी पुढची दांडी, लांब असेल तर कोपरं वाकतच नाहीत. आधी फिटिंग करून घ्या, टायर थोडे रुंद घेऊन हवा जरा कमी ठेवा, आणि हातांची जागा दर दहा-पंधरा मिनिटांनी बदला. हे सगळं करूनही करंगळी दोन-चार दिवसांत पूर्ववत झाली नाही, किंवा चिमटीत कागद धरवेनासा झाला, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि रस्त्यावर मान पडायला लागली, तर कंट्रोल पॉइंट कितीही जवळ असो, तिथेच सायकलवरून उतरा.