चित्राखालील नाव

छायाचित्रांचे नवे दालन उघडावयाचे म्हणजे काय करावयाचे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. खोली, दिवे व चौकटी मिळाल्या की काम झाले, असे वरवर पाहणारास वाटते. परंतु भिंतीवर कोणती चित्रे लावावयाची व त्यांच्याखाली काय लिहावयाचे, हे ठरविणे हेच खरे काम होय.

या बाबतीतील एक प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्क शहरातील आहे. तेथे १९०५ सालच्या नोव्हेंबरात आल्फ्रेड स्टीग्लिट्झ व एडवर्ड स्टायकेन यांनी लहानशा तीन खोल्यांत असे दालन उघडले. पहिल्या प्रदर्शनात त्यांच्या मंडळाच्या सभासदांची १०० छायाचित्रे मांडली होती. छायाचित्र हे केवळ यंत्राचे काम नसून पाहणाऱ्या मनाचेही आहे, हे लोकांस पटवावे असा त्यांचा हेतू होता. अनेकांची चित्रे शेजारी शेजारी लागली, म्हणजे प्रत्येकाची दृष्टी निराळी असते हे आपोआप कळते.

ही विद्या त्याच्या अर्धशतक आधीच आपल्या मुंबईत पोहोचली होती. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्याच मंडळींपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन भाग १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील कौशल्य वाखाणण्याजोगे आहे. तथापि माणसे एकीकडे टिपून त्यांच्यामागे दुसरीकडचे दृश्य जोडलेले आहे, आणि चित्राखाली ओळख दिली आहे ती जातीची.

हा दोष जुना झाला, असे मात्र समजू नये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची चित्रे पाहा. ताडोबाच्या वाघांस नावे असतात. मार्कंड्याच्या देवळांस नाव असते. पण मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या चित्राखाली पुष्कळदा 'आदिवासी स्त्री' एवढेच असते. तिला नाव आहे, गाव आहे. तिला कोणी विचारले होते काय?

आमच्या हातूनही ही चूक घडली आहे. एकदा वर्गाच्या छायाचित्राखाली आम्ही सर्वांची नावे लिहिली, आणि कडेला उभ्या असलेल्या, रोज घंटा देणाऱ्या मामांपुढे 'शिपाई' एवढेच लिहिले. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात होता. त्याने काही न बोलता त्या शब्दावर बोट ठेवले. त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली, ती अद्याप विसरलो नाही.

म्हणून हा अभ्यास देतो. दहा विद्यार्थ्यांनी मिळून वर्गाच्या भिंतीवर एक लहान दालन उघडावे. प्रत्येकाने आपल्या गावातील एका कष्टकरी माणसाचे छायाचित्र, आधी त्याची परवानगी घेऊन, काढावे. पालकांनी त्यासाठी घरचा मोबाइल घटकाभर द्यावा. चित्रे डोळ्यांच्या उंचीवर, एका ओळीत लावावी. खाली त्या माणसाचे नाव, गाव व काम लिहावे. टिपणाऱ्याचे नाव त्यानंतर. पहिल्या दिवशी पाहुणे म्हणून त्या दहा जणांनाच बोलवावे. त्यांनी आपले नाव तेथे वाचले, अथवा कोणी त्यांस वाचून दाखविले, म्हणजे दालन उघडले असे समजावे.