ठोका कधी धरायचा

परळी वैजनाथ

चि. बाळास,


तुझ्या सिंथेसायझरचा ऑसिलेटर बोलायला लागला हे ताईने फोनवर सांगितलं. पाठवलेलं रेकॉर्डिंगही ऐकलं. सूर स्वच्छ आहे. आता गेटचं मोड्यूल आणि क्वांटायझर बाहेरून मागवू का, असं तू विचारतोस. मागवू नकोस. दोन्ही घरी बांध. पैसे वाचतील, पण माझं कारण ते नाही. हलगीवरचा कुठला आघात ठोका म्हणून धरायचा आणि गंधार नेमका कुठे ठेवायचा, हे ठरवणं हा वादनाचाच भाग आहे. तो दुसऱ्याने बनवलेल्या पेटीवर सोडलास, तर लहानपणापासून पोळ्याला बैलांपुढे वाजवत आलास ती हलगी त्यातून ऐकू येणार नाही.

आधी व्होल्टेजचं बोलू. थर्मल पॉवर स्टेशनमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला माझी सारी नोकरी ४ ते २० मिलीअँपच्या सिग्नलवर गेली. तिथे दाब शून्य असला तरी वायरमध्ये ४ मिलीअँप असतात. ० दिसला की वायर तुटली, हे समजायला वेळ लागत नाही. सिंथेसायझरमध्ये ही सोय नाही. ० व्होल्ट म्हणजे एखादा खरा स्वर असेल, नाहीतर निघालेली केबल असेल. म्हणून कानाने शोधाशोध करण्याआधी मीटर लावायची सवय ठेव.

तुझ्या ऑसिलेटरला १ व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे अर्ध्या स्वराला ८३ मिलीव्होल्ट. आता तुझा एलएफओ, म्हणजे सूर डोलवणारा मंद ऑसिलेटर बघ, तो −५ ते +५ व्होल्ट डोलतो. तसाच जोडलास तर सूर दहा सप्तकं फिरेल. आंदोलनाला दोन्ही बाजूंना ४० मिलीव्होल्ट पुष्कळ झाले. नुसता १०० के चा पॉट लावून एवढं बारीक जुळत नाही, बोट हललं की सूर पळतो. पॉटच्या आधी १ मेगचा रेझिस्टर टाक. पूर्ण उघडला तरी अर्ध्या व्होल्टच्या आतच राहील आणि हाताला जागा मिळेल. आणि जिथे दोन व्होल्टेज बेरजेला येतात, तिथले १०० के चे रेझिस्टर मीटरवर मोजून जोड्या लाव. गुणोत्तरात १ टक्का फरक पडला तर तीन सप्तकांवर ३० मिलीव्होल्ट चुकतात, म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. तेवढं तुझ्या आजीलाही कळेल.

बाजारातला क्वांटायझर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. त्यात शुद्ध गंधार ०.३३३ व्होल्टवर बसतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट असतो, त्याचं व्होल्टेज ०.३२२. फरक ११ मिलीव्होल्टचा. मीटरवर तो किरकोळ दिसेल, पण खाली षड्ज धरून दोन्ही वाजव, पहिला टोचेल. पंचमात एवढी तफावत नाही, ०.५८३ च्या जागी ०.५८५. म्हणून छोट्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तुझी स्वतःची यादी भर, रागागणिक वेगळी. मींड हवी असेल तर स्ल्यू लिमिटर, म्हणजे व्होल्टेज हळूहळूच बदलू देणारं सर्किट, क्वांटायझरच्या पुढे लाव. मागे लावलास तर घसरत जाणाऱ्या व्होल्टेजच्या पुन्हा पायऱ्या होतात. १ मेगचा पॉट आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतलास तर १०० मिलीसेकंदांपर्यंत घसरण मिळते. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. ती मुद्दाम ऐक. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारं जे ऐकशील, ते हेच स्ल्यूचं काम.

आता गेट, म्हणजे ठोका पडला हे यंत्राला सांगणारं व्होल्टेज. यात मी तुला घाई करू देणार नाही.

जुन्या बझरमधली पिझो चकती हलगीच्या कड्याला आतून चिकटव, कातड्याला नको. तिच्यावर १ मेगचा रेझिस्टर आणि दोन्ही सप्लायकडे एकेक डायोड लाव, कारण जोराच्या आघाताला पिझो कितीतरी व्होल्ट फेकतो आणि आयसी जातो. पुढे बफर, रेक्टिफायर, मग १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला रिकामा करणारा रेझिस्टर. सगळी मेख या रेझिस्टरमध्ये आहे. २२० के ठेवलास तर द्रुत लयीतले ठोके एकमेकांत मिसळतात, गेट उघडं ते उघडंच. २.२ के ठेवलास तर एकाच ठोक्यातल्या कातड्याच्या थरथरीचे तीन-चार गेट निघतात. २२ के पासून सुरू कर आणि तुझ्या हाताच्या लयीप्रमाणे सरकव.

त्यानंतर कंपॅरेटर, टीएल ०७२ चालेल. सिग्नल १० के मधून प्लस पायाला दे, पॉटवरचं थ्रेशोल्ड मायनसला, आणि आउटपुटवरून प्लस पायाकडे १ मेग परत आण. ±१२ च्या सप्लायवर यातून साधारण ०.२ व्होल्टचं अंतर मिळतं. गेट एका पातळीला उघडतं आणि तेवढं खाली आल्यावरच मिटतं. हे अंतर नसेल तर पातळीच्या आसपास गेट तडतडत राहतं. प्लांटमध्ये पंपाच्या लेव्हल स्विचलाही आम्ही असंच अंतर ठेवायचो, नाहीतर पाणी नुसतं हिंदकळलं तरी पंप चालू-बंद व्हायचा. आउटपुटला ४१४८ डायोड, मग १० के आणि १० के ची विभागणी. स्वच्छ ५ व्होल्टचं गेट मिळेल आणि खालची बाजू शून्यावर राहील.

टीएल ०७२ मध्ये दोन अँप असतात, दुसरा रिकामा ठेवू नकोस. तोच सिग्नल त्याला दे, फक्त थ्रेशोल्ड वर ठेव. पहिल्या गेटला बारीक काडीचे आघातही येतील, दुसऱ्याला फक्त टिपऱ्याचे जोरकस. पहिल्यावर स्वर बदल, दुसऱ्यावर फिल्टर उघड. मग सम कुठे आहे ते यंत्राला वेगळं सांगावं लागणार नाही. विकतच्या क्लॉकमध्ये हे मिळत नाही, कारण त्याला तुझा डावा-उजवा हात ठाऊक नसतो.

हलगी शेकल्यावर तिचा आवाज चढतो आणि वाजवता वाजवता उतरतो. थ्रेशोल्डही त्याबरोबर हलवावं लागेल. शेकल्या शेकल्या आणि अर्ध्या तासाने दोन्ही पॉटवरचं व्होल्टेज मोजून वहीत लिही. केबल कुठून कुठे गेल्या त्याचं चित्रही काढ. १९६९ साली संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मोड्यूलर सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर काम केलं. त्या कामाच्या टेप अनेक दशकं कपाटात पडून होत्या, त्यातलं संगीत रेकॉर्डवर यायला २०२३ उजाडलं. केबल उपसली की पॅच संपतो. मागे राहते ती टेप, नाहीतर वही.

अर्थिंगचंही बघ. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन वाळते आणि अर्थिंग नावालाच उरतं. मग पत्र्याच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरात मिसळते. खड्ड्यात मीठ-कोळसा भर, आठवड्याला पाणी घाल.

पिझोपासून कपॅसिटरपर्यंतचा भाग आधी बांध आणि तिथलं व्होल्टेज हळू व जोरात वाजवून मला कळव. कंपॅरेटर त्यानंतर. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा