लांब इंग्रजी शब्दांची फोड

इंग्रजीच्या तासाला वाचनाचा ओघ कोठे अडतो, हे आपण सर्वजण जाणतो. लहान शब्द मुले धिटाईने वाचतात. परंतु अकरा-तेरा अक्षरांचा शब्द आला की आवाज बारीक होतो, बोट शब्दावर थांबते आणि दृष्टी शिक्षकाकडे वळते. आपण शब्द उच्चारतो, मूल तो आपल्यामागून म्हणते आणि पाठ पुढे सरकतो. अडचण मात्र जागीच राहते.

मी वर्गशिक्षक असताना या अडचणीवर मला पाठांतर हा एकच उपाय ठाऊक होता. दर शनिवारी दहा लांब शब्द स्पेलिंगसह घोकून आणावयाचे, असा माझा दंडक असे. सातवीतील एक मुलगा, गणितात चांगला हुशार, शनिवारी गैरहजर राहू लागला. चौकशी केली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘गुरुजी, त्या शब्दांना शेंडाबुडखाच सापडत नाही.’’ दोष त्याचा नव्हता. शब्दाला शेंडाबुडखा असतो, हे मी त्याला कधी दाखवलेच नव्हते.

इंग्रजीतील शास्त्रीय शब्दांपैकी पुष्कळसे ग्रीक व लॅटिन घटकांच्या जोडणीने बनले आहेत. एकच अक्षरसमूह अनेक शब्दांत येतो आणि बहुधा आपला अर्थ बरोबर आणतो. ‘ग्राफी’ हा असा एक समूह आहे. त्याची अक्षरे सहा: जी-आर-ए-पी-एच-वाय. मूळ ग्रीक धातूचा अर्थ लिहिणे किंवा रेखाटणे. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, म्हणून जिओग्राफी हे पृथ्वीचे वर्णन. ‘बायो’ म्हणजे जीवन, म्हणून बायोग्राफी हे चरित्र. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, म्हणून फोटोग्राफी हे प्रकाशाने केलेले रेखाटन. आता तेरा अक्षरांचा ऑटोबायोग्राफी हा शब्द घ्या. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः. चार, तीन आणि सहा अक्षरांचे तीन तुकडे पडले आणि ‘आत्मचरित्र’ हा अर्थ हाती आला. ग्रीकातील ‘फाय’ हे अक्षर लॅटिन लिपीत पी-एच असे लिहीत. म्हणून या कुळातील ‘फ’ एफ या अक्षराने लिहिला जात नाही. हे एकदा सांगितले की स्पेलिंगच्या कितीतरी चुका आपोआप टळतात.

हीच रीत आपल्या भाषेतही आहे. टेलिस्कोप म्हणजे दूरदर्शक, मायक्रोस्कोप म्हणजे सूक्ष्मदर्शक, थर्मामीटर म्हणजे तापमापक. ‘मापक’ म्हणजे मोजणारा, हे मुलांना सांगावे लागत नाही. मग ‘मीटर’ का अवघड वाटावे? शिवाय ग्रीक ‘थर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत आणि ‘घर्म’ यापासूनच आपला ‘घाम’ आला. ‘बायो’ आणि ‘जीव’ यांचेही नाते तसेच आहे. परका वाटणारा शब्द दूरचा आप्त निघाला, की मुलांची भीती ओसरते.

पाठाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक असे लिहावेत, की समान अक्षरे एका ओळीत उभी येतील. ती अक्षरे रंगीत खडूने लिहावीत. सारखे काय आहे, ते मुलांनाच शोधू द्यावे. नंतर आयात, निर्यात, वाहतूक हे अर्थ देऊन ‘या तिन्हींत कोणती क्रिया आहे?’ असे विचारावे. ‘वाहून नेणे’ हे उत्तर मुलांकडूनच यावे. शेवटी पोर्टेबल हा नवा शब्द द्यावा आणि अर्थाचा तर्क करावयास सांगावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. अक्षरे सारखी असली की मूळ एकच असते, असे नाही. पोर्ट्रेट या शब्दाच्या आरंभी तीच चार अक्षरे दिसतात, परंतु त्याचा वाहून नेण्याशी संबंध नाही. दुसरे, घटकांवरून अर्थाची दिशा कळते, नेमका अर्थ वाक्यातच कळतो. ‘मायक्रो’ म्हणजे लहान व ‘फोन’ म्हणजे आवाज. पण ग्रामसभेतील मायक्रोफोन काय काम करतो, हे मुले जाणतात. म्हणून तर्क करू द्यावा व तो वाक्यात लावून पाहण्याची सवय लावावी.

वरच्या वर्गांत गंमत म्हणून पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द जरूर द्यावा. १९३५ साली अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या मंडळात तो पुढे आला: न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस. फुप्फुस, पलीकडचे, सूक्ष्मदर्शी, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार अशी त्याची फोड आहे. शब्द हौसेने लांबवलेला आहे, पण सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग खरा आहे. सिलिकोसिस या नावाने तो दगडखाणीत राबणाऱ्यांच्या वाट्याला येतो. अशा मजुराच्या मुलाला दवाखान्याच्या कागदावरील तो शब्द वाचता यावा, याहून या पाठाचे मोठे प्रयोजन कोणते?

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. सातवीपर्यंत येताना मुलांपुढे असे शेकडो शब्द येतात. ते सारे घोकून घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. आठवड्याला एक शब्दकुळ घ्यावे, त्याचा तक्ता भिंतीवर लावावा आणि नवा शब्द सापडला की मुलांनीच तो तक्त्यात भरावा. असे चार तक्ते आपण केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत घेऊन यावेत, ही विनंती. त्यांत मुलांच्या हस्ताक्षरातील शब्द किती आहेत, ते मी आधी पाहीन.